कमल सिस्टरचा काळा खडा

ही गोष्ट गेल्या रविवारपर्यंत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. बायकोला नाही, मुलाला नाही. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे—कितीदा तरी आली. जिभेवर आली, आणि मी चहा मागवला. भित्र्या माणसाला चहा फार लागतो.

आता सांगतो. थोडा फिरून सांगेन, कारण या बाबतीत सरळ बोलायची सवय मी स्वतःला लागूच दिलेली नाही. पण मध्ये थांबणार नाही. तेवढं ठरवूनच बसलो आहे.

माझं नाशिकच्या सराफ बाजारात दुकान आहे. आधी आजोबांचं, मग वडिलांचं, आता माझं. गादीवर बसून गिऱ्हाईक करणारा आणि आत बसून ज्योतीवर काम करणारा, हे आमच्या बाजारात सहसा दोन वेगळे लोक असतात. मी दोन्ही करतो. वडिलांनी मला आधी हात शिकवला, मग व्यवहार. बाजारात लोक म्हणत, याचा हात वडिलांवर गेलाय. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि दिवसभर खूश असायचो. या हाताचा मला गर्व होता, हे लक्षात असू द्या.

आणि काळ्या हिऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पांढऱ्या हिऱ्याचं सगळं उघड्यावर असतं. उजेड आत जातो, फिरतो, बाहेर येतो. आत बारीकसा डाग असला तरी भिंगाखाली लपत नाही. काळ्या हिऱ्यात उजेड शिरतच नाही. तो वरूनच परत येतो—नुकत्याच पुसलेल्या कडाप्प्यावर ट्यूबलाइट पडावी तसा. पांढरा हिरा लग्नाच्या हॉलमध्ये दुसऱ्या टोकावरून दिसतो. काळा हिरा बघायला जवळ यावं लागतं, आणि जवळ आलेलं माणूस मग लवकर मागे जात नाही. हे मी गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

आमच्या वडिलांच्या काळात मात्र काळा हिरा कुणी हातात धरत नसे. शनीचा खडा, घरात भांडणं लावतो, बाई विधवा होते—काय काय बोललं जायचं. आणि बोलणाऱ्या बाईच्याच गळ्यात काळी पोत. काळा रंग मण्यात असला तर सौभाग्य, आणि खड्यात असला तर साडेसाती. का? मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता जग बदललं. मुली येतात आणि काळ्या हिऱ्याचंच मंगळसूत्र मागतात—बारीक, जीन्सवर चालेल असं. काळ्या हिऱ्याच्या बाळ्या, ब्रेसलेट, मुलांसाठी अंगठ्या. हे आजचे काळे हिरे बहुतेक करून मुळात डागाळलेले, करडे हिरे असतात. उष्णता देऊन किंवा किरणांचा मारा करून त्यांना काळं केलेलं असतं. त्यात फसवणूक नाही, सांगून विकलं की झालं. पण ते सगळे एकसारखे काळे, शाळेच्या गणवेशासारखे. जुना काळा हिरा तसा नसतो. तो जमिनीतूनच काळा आलेला. हाताने घासलेला, पैलू एकाला एक न मिळणारे. वर सुईच्या टोकाएवढे खळगे. आणि काठ उन्हात धरला तर कुठेतरी किंचित तपकिरी झाक, जणू आत कुणी विस्तव विझवला आहे.

असा जुना खडा मी आयुष्यात दोन-चारदाच पाहिला. त्यातला एक कमल सिस्टरचा होता.

कमल सिस्टर म्हणजे दिंडोरीच्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. अंगठी घेऊन दुकानात आधी आल्या त्या त्यांच्या कन्या, वंदना मॅडम. नाशिकरोडला शाळेत शिकवतात. त्यांची मुलगी प्रज्ञा, तिचं लग्न ठरलं होतं. प्रज्ञाला मंगळसूत्र हवं होतं काळ्या हिऱ्याचं, आणि त्यासाठी विकतचा हिरा नको होता. आजीच्या अंगठीतला हवा होता.

"आईचं म्हणणं आहे, हिरा आहे," वंदना मॅडम म्हणाल्या. "आमच्या घरात त्यावर दोन पक्ष आहेत." आणि हसल्या.

मग त्यांनी अंगठीची हकिकत सांगितली. कमल सिस्टर तरुण असताना दिंडोरीकडच्या एका मोठ्या बागायतदाराच्या सुनेचं बाळंतपण अडलं. रस्ता बंद, डॉक्टर नाही. सिस्टरनी रात्रभर बसून आई आणि मूल दोन्ही वाचवलं. सकाळी त्या घरातल्या म्हातारीने आपल्या बोटातली अंगठी काढून सिस्टरच्या हातावर ठेवली. आता, त्या काळात, त्या घराने बौद्धवाड्यातल्या नर्सला हिऱ्याची अंगठी दिली—यावर कोण विश्वास ठेवणार? सिस्टरच्या सासरचे तर मुळीच नाही. त्यांचे धाकटे दीर, नामदेवकाका, सणावाराला हमखास म्हणायचे, "वहिनी, तो हिरा एकदा चुलीत घाला. कोळसा असला तर निदान चहा होईल."

सिस्टर त्यावर एकच उत्तर द्यायच्या. वंदना मॅडमनी ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "काळा होता म्हणून त्यांना नको झाला, म्हणून माझ्याकडं आला. आपल्याकडं नको झालेलंच येतं. पण या वेळेला नको झालेलं खरं हाय."

मी अंगठी कामाला घेतली. पावतीवर लिहिलं—जुनी अंगठी एक, काळा खडा एक.

ही आमच्या बाजाराची रीत आहे. गिऱ्हाइकाचा खडा कामाला घेताना त्याला हिरा म्हणायचं नाही, पन्ना म्हणायचं नाही. पांढरा खडा, हिरवा खडा, काळा खडा. खडा खरा आहे हे कळलं तरी काम पुरं होऊन दागिना परत हातात पडेपर्यंत बोलायचं नाही. मला वडिलांनी शिकवलं, त्यांना आजोबांनी. उगाच वाद नकोत, एवढाच त्यातला हेतू. रीत वाईट नाही. पण माणसाला लपायचं असेल तर रीतीइतकी चांगली जागा दुसरी नसते.

मॅडम गेल्यावर मी खडा आत नेऊन तपासला. त्यावर श्वास सोडला—वाफ धरली आणि पापणी लवायच्या आत उडाली. हिऱ्यावर ती टिकत नाही. मग टेस्टरची सुई टेकवली. टेस्टर वाजला; हिरा असला की तो वाजतो. भिंग लावलं, काठ उजेडात धरला, आणि ती तपकिरी झाक दिसली. मी एकटाच हसलो. मला आठवतं, मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, सिस्टर, जिंकलात.

फोन समोर होता. तो मी केला असता तर? एवढंच म्हणायचं होतं—मॅडम, तुमची आई खरं बोलते. नाही केला. काम झाल्यावर एकदमच सांगू, असं वाटलं. रीत आडवी आली, आणि थोडी हौसही. दागिना हातात देताना सांगितलं तर त्यांचा चेहरा बघायला मिळेल.

काम असं होतं. खडा ज्या कोंदणात बसला होता ते कोंदण जुनं, कागदासारखं पातळ झालेलं. प्रज्ञाला ते तसंच हवं होतं. अंगठीपासून कोंदण सोडवायचं, दोन्ही बाजूंना कड्या डाखायच्या, म्हणजे ज्योतीवर तापवून जोडायच्या, आणि काळ्या मण्यांच्या मधोमध ते घालायचं. खडा काढून काम केलं तर कोंदण फाटण्याची भीती. पांढऱ्या हिऱ्याच्या वेळी आम्ही खडा काढत नाही. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून त्याचा लेप देतो आणि खड्यासकट ज्योतीखाली धरतो. मी ते शेकडो वेळा केलं होतं. काळ्या हिऱ्याचं तसं नसतं. त्याच्या पोटात भेगाच भेगा असतात, तो ताप पांढऱ्यासारखा सोसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. ऐकलेलं होतं, वाचलेलं होतं. पण माझा हात, माझा तो वडिलांवर गेलेला हात—

डाख सुरेख धरला. मी ज्योत बाजूला केली. आणि चिमट्यात धरलेला तो तापलेला दागिना, नुसत्या सोन्याचा असल्यासारखा, पाण्याच्या वाटीत सोडला.

खडा बसलेला दागिना आपोआप निवू द्यायचा असतो. शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात हे सांगतात. मग मी का सोडला? लग्नसराई होती, कामं तुंबली होती. पण लग्नसराई दरवर्षी असते. पाण्याचा चर्र आवाज झाला आणि त्या आवाजाच्या आत एक बारीक टक.

खडा मधोमध दुभंगला होता. दोन तुकडे, आणि वाटीच्या तळाशी थोडी काळी कणी.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. हात चुकतो. सोनाराचा चुकतो, डॉक्टरचा चुकतो, रोज रांधणाऱ्या बाईचा चुकतो. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्या संध्याकाळी तर मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. वाक्यं जुळवून ठेवली होती. मॅडम, खडा हिरा होता आणि माझ्या हातून फुटला. दोन वाक्यंही नाहीत, दीडच.

दुसऱ्या दिवशी वंदना मॅडम आल्या. मी त्यांच्यासमोर मखमली तबक ठेवलं. त्यात ते तुकडे. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग वर न बघता विचारलं, "फुटला? म्हणजे—काच होती का?"

प्रश्न त्यांनी विचारला. खोटं मला शोधून काढावंसुद्धा लागलं नाही. दार त्यांनी उघडलं होतं; ते लावायला मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "हो मॅडम. हिरा असा कुठे फुटतो का?"

हिरा फुटतो. आमच्या धंद्यात हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि आमच्या धंद्याबाहेर जवळपास कुणालाच नसतं. मी त्या फरकात उभा राहिलो. आत शिरलो, आणि कडीही लावून घेतली. म्हणालो, जुन्या काळी असे काचेचे खडे पुष्कळ असायचे, मोठ्या घरांतूनही. म्हणालो, देणाऱ्या म्हातारीलाही कदाचित ठाऊक नसेल. इतक्या सहजपणे बोलत होतो की माझं मलाच पटत चाललं होतं.

"आईला कसं सांगू?" त्या म्हणाल्या.

मग मी उदार झालो. खोटं बोललेला माणूस किती उदार होतो ते तुम्ही कधी पाहिलंय का? मी म्हणालो, मॅडम, तुमच्या मुलीचं लग्न आहे, खडा माझ्या हातात असताना फुटला, तेव्हा माझ्याकडून खरा काळा हिरा बसवून देतो. नव्यातला, तपासणीच्या कागदासकट. त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून."

इथेही मी थांबू शकलो असतो.

चार-पाच दिवसांनी कमल सिस्टर स्वतः आल्या. एकट्या, रिक्षाने, द्वारका चौकातल्या त्या गर्दीतून. पायऱ्या चढून आल्या, बसल्या, पदराने चष्मा पुसला. पाणी नको म्हणाल्या.

"शेठ, तुकडे कुठंयत?"

मी तबक पुढे केलं. त्यांनी मोठा तुकडा उचलून तळहातावर घेतला.

"तुमच्याकडं ते वाजतं ना, सुई लावल्यावर. ते लावलं होतं?"

"लावलं होतं, सिस्टर."

"वाजलं?"

"नाही वाजलं."

"बरं." तळहात त्यांनी माझ्यासमोर धरला. मग म्हणाल्या, "आता लावा की. माझ्यासमोर. एवढ्याला नाय म्हणू नका."

टेस्टर माझ्या उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होता. माझा हात त्या ड्रॉवरवर होता. आजही तो ड्रॉवर उघडताना माझा हात आधी थांबतो. मी म्हणालो, "मशीन दुरुस्तीला दिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. आयुष्यभर बायकांच्या खाटेपाशी बसून काढलेली बाई ती.

"घाम आलाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पंखा लावून घ्या."

दोन्ही तुकडे त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यात बांधले. उठताना गादीच्या कडेला हात टेकून क्षणभर थांबल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्यांशी खोटं बोलले म्हणायचं," असं म्हणाल्या. मला नव्हे. स्वतःशीच, हिशोब करावा तसं. मी त्यांना पायऱ्या उतरायला मदत केली. हो, केली. त्यांचा कोपर धरला होता.

लग्नाला मला आग्रहाने बोलावलं. मी गेलो. गेलो नसतो तर वाईट दिसलं असतं—पाहा, तेव्हाही काळजी दिसण्याची. कमल सिस्टर पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नामदेवकाकांशी माझी ओळख करून दिली, तर ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काय शेठ, आमच्या वहिनींचा कोहिनूर तुमच्या एका फुंकरीत गेला म्हणे. आम्ही चाळीस वर्षं चुलीत घाला म्हणत होतो, तुम्ही घातलात."

सगळे हसले. मीही हसलो. सिस्टरनी मान वळवली नाही.

मला कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, तर मी खडा फोडल्याचं सांगणार नाही. ड्रॉवरचंही नाही. ते हसणं सांगेन. खोटं बोललो तेव्हा मी भ्यालेला होतो. हसलो तेव्हा भ्यालेला नव्हतो.

आणि मग माझी भरभराट झाली. हे ऐकून तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. वंदना मॅडमनी शाळेत सांगितलं, कॉलनीत सांगितलं—एक सराफ असा आहे की कडू असलं तरी खरं बोलतो. काच निघाली तर काच म्हणाला, आणि वर पदरचा हिरा बसवून दिला. नाशिकरोडहून, उपनगरातून, पार दिंडोरीहून माणसं माझ्याकडे येऊ लागली. आल्यावर म्हणायची, तुमच्याबद्दल ऐकलंय. मी मान खाली घालायचो, आणि त्यांना तो विनय वाटायचा. माझी पत वाढली ती त्या एका खोट्यावर. मी घडवलेल्या कुठल्याही दागिन्यापेक्षा ते खोटं जास्त टिकाऊ निघालं.

काळे हिरे मात्र मला बघवेनात. बायको म्हणायची, "सगळा बाजार काळ्या हिऱ्यांवर चाललाय आणि यांना नेमकी त्याचीच शिसारी. शनी यांना एकट्यालाच धरतोय." मी म्हणायचो, चहा टाक.

कमल सिस्टर गेल्या वर्षी गेल्या. मी भेटायला गेलो नाही. त्या दिवशी दुकानात काम आहे असं घरी सांगितलं. काम नव्हतं.

गेल्या महिन्यात प्रज्ञा आली. सोबत तिची लहान मुलगी. गळ्यात तेच मंगळसूत्र, त्यात मी बसवलेला तो एकसारखा काळा, नवा हिरा. तिला काळ्या हिऱ्यांचं ब्रेसलेट हवं होतं. मी दाखवत होतो, आणि तिची मुलगी एकेक मणी मोजत होती. तिने आईला विचारलं, हे खरे आहेत का.

प्रज्ञा म्हणाली, "हे काका सांगतील ते खरं. आपल्या पणजीला एकांनी काच देऊन फसवलं होतं, आणि ती बिचारी मरेपर्यंत सगळ्यांना हिरा म्हणून सांगत राहिली. या काकांनीच खरं काय ते सांगितलं."

बिचारी. मरेपर्यंत. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मोठ्या, विश्वासाच्या डोळ्यांनी. म्हणजे आता चौथ्या पिढीला मी शिकवत होतो की तुमची पणजी भोळी होती, आणि एका बाळंतपणाच्या बदल्यात तिला काच मिळाली. जिने खरं सांगितलं ती बिचारी, आणि मी काका. त्या क्षणी ठरवलं. पश्चात्ताप तर मला वर्षानुवर्षं होतच होता, त्याने कुणाचं काय भलं झालं? पश्चात्तापाला मी चहा पाजून बसवून ठेवलं होतं. या वेळी ठरवलं.

गेल्या रविवारी वंदना मॅडमच्या घरी गेलो. खिशात डबी होती, डबीत एक नवा काळा हिरा, बाजारात मिळेल तितका चांगला. काय म्हणून नेला होता? बदली म्हणून? ती डबी मी खिशातून काढली नाही. तेवढी अक्कल तिथे पोचेपर्यंत आली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. ती दीड वाक्यं—मॅडम, खडा हिरा होता आणि माझ्या हातून फुटला. मग पुढची. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. सिस्टरनी विचारलं तेव्हाही. मशीन ड्रॉवरमध्ये होतं.

वंदना मॅडम ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील. त्या उठल्या आणि "या" म्हणून आतल्या खोलीत गेल्या. मी मागे गेलो. कमल सिस्टरची खोली. खाट, औषधांचं कपाट, उशाशी खिडकी. खिडकीच्या काचेवर, खाटेवर बसून हात पोचेल तेवढ्या उंचीवर, रेघा होत्या. बारीक, पांढऱ्या, वेड्यावाकड्या. काही जुन्या धुळीने भरलेल्या, काही नव्या.

"त्यातला एक तुकडा ती उशाखाली ठेवायची," मॅडम म्हणाल्या. "कुणी आलं की काचेवर रेघ ओढून दाखवायची. म्हणायची, काचेनं काच कापते का रे? बघा की. नामदेवकाकांना दाखवलं. प्रज्ञाला दाखवलं. मला तर कितीदा." त्या काचेकडे वळल्या. "मी तिला सांगायचे, आई, पुरे आता. सराफ कशाला खोटं बोलेल?"

सिस्टरकडे पुरावा होता. शेवटच्या दिवसापर्यंत तो त्यांच्या हातात होता, आणि त्या तो दाखवत होत्या. माझ्या शब्दापुढे तो कुणी पाहिला नाही. स्वतःच्या लेकीनेही नाही.

मॅडमनी एका रेघेवरून बोट फिरवलं. मग पदराने ती धूळ पुसली आणि माझ्याकडे वळल्या. वर्गातल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "मला एकटीला सांगून भागणार नाही. ज्यांच्यासमोर ती खोटी ठरली त्यांच्यासमोर सांगा. येत्या रविवारी विहारात तिचा स्मृतिदिन आहे. नामदेवकाका येणार आहेत, दवाखान्यातल्या तिच्या मैत्रिणी येणार आहेत, प्रज्ञा येणार आहे."

"येतो," मी म्हणालो.

"आणि लिहून आणा. तोंडी बोलताना माणूस वळसे घेतो."

मॅडम, लिहितानाही घेतलेच. तुम्ही पाहताच आहात. पण हे असंच वाचणार आहे, एक ओळ न गाळता. आणि माझ्या खरेपणाची कथा जिथवर पोचली तिथवर हेही पोचायला हवं, म्हणून छापायलाही देतो आहे. बायकोला काल वाचून दाखवलं. त्यानंतर मी चहा मागितला नाही.

आता वळसा नाही.

दिंडोरीच्या कमल सिस्टरना बाळंतपणाच्या बदल्यात मिळालेला काळा खडा हिरा होता. मी तो तपासला होता. तो माझ्या हातून फुटला. मी त्याला काच म्हणालो, दोनदा, आणि लग्नात हसलो.

कमल सिस्टर खरं बोलत होत्या.